कॉन्फिडंट की कॉन्फिडन्स, हिस्टॉरिक की हिस्टॉरिकल: शब्द माहीत असूनही दोनातला चुकीचाच का तोंडात येतो

प्रश्न विचारणारी मुलगी गोव्यातल्या डिचोलीची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्लिश हायस्कूल, बीकॉम झालंय आणि आता कळंगुटच्या बाजूला हॉटेलात फ्रंट ऑफिसला ट्रेनी म्हणून अर्ज करतेय. तिनं अर्जातली वाक्यं पाठवलीत: 'आय हॅव फुल कॉन्फिडंट', 'आय ॲम फ्लुएन्सी इन इंग्लिश', 'धिस जॉब इज व्हेरी इम्पॉर्टन्स फॉर मी'. आणि विचारलंय की मॅडम, शब्द दोन्ही माहीत आहेत, अर्थही माहीत आहे, तरी बोलताना नेमका दुसराच येतो, ह्याला काही नियम आहे की सरळ पाठ करायचं? शिवाय हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल ह्या जोड्यांत फरक काय तेही हवंय.

मी म्हापशात बरीच वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवते, हॉटेलवाले, क्रूझवर जाणारी मुलं, बँकेची तयारी करणारे, सगळेच येतात, आणि तुझ्या तीन वाक्यांतल्या चुका प्रत्येक बॅचमध्ये असतात. म्हणून आधी एक सांगते, पाचशे जोड्यांची यादी पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. यादी पाठ होते, पण बोलायच्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण चूक शब्दाच्या अर्थात नाहीचये. चूक होते ती आपण वाक्य मराठीत जुळवतो आणि मग त्यात इंग्रजी शब्द बसवतो तेव्हा. मराठीतल्या दोन सवयी ओळखल्यास की अर्ध्याहून जास्त चुका आपोआप जातात.

पहिली सवय. मराठीत भूक, राग, झोप, भीती ह्या गोष्टी आपल्याकडे चालत येतात. मला भूक लागली, मला राग आला, भीती वाटते, लाज वाटते, झोप येते, कंटाळा आला, अभिमान आहे. बघ ना, सगळीकडे नाउन म्हणजे नाम आहे, आणि 'मी' तर वाक्यात नाहीच, 'मला' आहे. कोंकणीतही तेच, म्हाका भूक लागल्या, म्हाका राग आयला. इंग्रजीत मात्र माणूस स्वतःच तसा होतो: आय ॲम हंग्री, अँग्री, स्लीपी, अफ्रेड, अशेम्ड, बोअर्ड, प्राउड, सगळी ॲडजेक्टिव्ह, म्हणजे विशेषणं. पोर्तुगीज काळात शाळा शिकलेलं कोणी जुनं माणूस घरात किंवा शेजारी असेल तर विचारून बघ, ते भुकेला 'तेन्यू फोम' म्हणतील, म्हणजे अक्षरशः माझ्याकडे भूक आहे, आणि भीतीला 'तेन्यू मेदु'. म्हणजे तिथेही नाउनच! युरोपातली भाषा असून ह्या बाबतीत ती आपल्या जवळची, त्यामुळे इंग्रजीत गडबड होते ह्यात आपलं डोकं कमी आहे असं अजिबात नाही, दोन भाषांची मांडणीच वेगळी आहे एवढंच.

आता इंग्रजीत सगळंच 'आय ॲम' ने होतं असंही नाही. कॉन्फिडन्स, पेशन्स, एक्स्पीरियन्स, टाइम, डाउट, फीवर, परमिशन हे 'हॅव' बरोबर जातात. मग नियम असा पडतो की 'हॅव' च्या पुढे नाउन आणि 'ॲम, इज, आर' च्या पुढे गुण सांगायचा असेल तर ॲडजेक्टिव्ह. आय हॅव कॉन्फिडन्स किंवा आय ॲम कॉन्फिडंट. आय हॅव पेशन्स किंवा आय ॲम पेशंट. तुझं पहिलं वाक्य 'हॅव' ने सुरू झालं तिथेच पुढचा शब्द ठरून गेला होता, तो कॉन्फिडन्सच यायला हवा होता. दुसरं वाक्य 'ॲम' ने सुरू झालं म्हणून तिथे फ्लुएंट, आय ॲम फ्लुएंट इन इंग्लिश. म्हणजे शब्द निवडताना शब्दाकडे बघायचंच नाही, त्याच्या आधी काय आलंय ते बघायचं.

एक अपवाद सांगते. 'ॲम' पुढे नाउन येतं, जेव्हा आपण ती व्यक्ती किंवा वस्तू असतो तेव्हा, पण मग बहुतेक वेळा मध्ये 'अ' किंवा 'ॲन' लागतो. आय ॲम अ टीचर. 'आय ॲम अ पेशंट' म्हणजे मी दवाखान्यातला रुग्ण, आणि 'आय ॲम पेशंट' म्हणजे माझ्यात धीर आहे. एवढासा 'अ', पण अर्थ पूर्ण बदलतो. आपली मुलं बोलताना हे 'अ' गिळतात, त्यामुळे ह्याच्यावर मी वर्गात फार वेळ घालवते. आणि 'हिज फादर इज डेथ' हे तर मी कितीतरी अर्जांत वाचलंय, कारण आपण मराठीत 'डेथ झाली' म्हणतो. डेथ नाउन, डेड ॲडजेक्टिव्ह, पण अशा वेळी 'हिज फादर पास्ड अवे' किंवा 'डाइड' लिहायचं, डेड कानाला कठोर लागतं.

दुसरी सवय जास्त खोल आहे आणि ह्याच्याबद्दल पुस्तकांत फारसं कोणी सांगत नाही. मराठीत नाउनला 'चा-ची-चं' लावलं की ॲडजेक्टिव्हचं काम होऊन जातं. महत्त्व, महत्त्वाचं. धोका, धोक्याचं. सोय, सोयीचं. फायदा, फायद्याचं. गरज, गरजेचं. उपयोग, उपयोगाचं. आता डोक्यात काय होतं, महत्त्व म्हणजे इम्पॉर्टन्स हे पक्कं बसलेलं असतं, आणि 'ही नोकरी महत्त्वाची आहे' म्हणताना ते 'ची' इंग्रजीत न्यायला काहीच नसतं, म्हणून नुसता इम्पॉर्टन्स वाक्यात येऊन पडतो. धिस जॉब इज व्हेरी इम्पॉर्टन्स. तुझं तिसरं वाक्य हेच आहे. 'धिस टायमिंग इज कन्व्हीनियन्स फॉर मी', 'द रोड इज डेंजर', 'इट इज बेनिफिट फॉर गेस्ट' ही सगळी त्याच घरातली भावंडं.

म्हणून मराठीत मनात 'चा-ची-चं' आलं की तिथे थांबायचं. इंग्रजीत त्याचं साधारण तीन प्रकारे होतं. पहिला प्रकार म्हणजे शब्दाचं शेपूट बदलतं: डेंजरचं डेंजरस, यूजचं यूजफुल, बेनिफिटचं बेनिफिशियल, हेल्थचं हेल्दी, सक्सेसचं सक्सेसफुल, इम्पॉर्टन्सचं इम्पॉर्टंट. डेंजरचं उदाहरण तुला रोज लागणार आहे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, बीचवर लाल बावटा असतो आणि बोर्डावर नुसतं 'डेंजर' लिहिलेलं असतं, ते बरोबरच आहे, आपणही बोर्डावर नुसतं 'धोका' लिहितो. पण गेस्टला तोंडी सांगताना 'सर, सी इज डेंजर' चालणार नाही, 'द सी इज व्हेरी डेंजरस टुडे, प्लीज डोन्ट गो इन' म्हणायचं. आपण मराठीत 'तो रस्ता एकदम डेंजर आहे' सर्रास बोलतो, तेच तसंच्या तसं इंग्रजीत जातं.

दुसऱ्या प्रकारात काहीच बदलत नाही, नाउन जसाच्या तसा पुढच्या नाउनच्या आधी जाऊन बसतो. नारळाचं झाड, कोकोनट ट्री. काजूची फेणी, कॅश्यू फेणी. बीच शॅक, आयर्न ओर, हेरिटेज वॉक, टुरिझम डिपार्टमेंट. इथे टुरिस्ट आणि टुरिझम ह्यात लोक फार घोळ घालतात. टुरिस्ट म्हणजे पर्यटक, टुरिझम म्हणजे पर्यटन. टॅक्सी पर्यटकांसाठी, म्हणून टुरिस्ट टॅक्सी. मंत्री पर्यटन खात्याचा, म्हणून टुरिझम मिनिस्टर, 'टुरिस्ट मिनिस्टर' ऐकणाऱ्याला फिरायला आलेला मंत्री वाटेल. टुरिस्टी असाही एक शब्द आहे, पण त्यात पर्यटकांची गर्दी झालेलं, अस्सलपणा गेलेलं अशी नापसंतीची छटा आहे, गेस्टला आपल्या भागाची माहिती देताना तो नको. तुझ्या डिचोलीचंच घे, माइन म्हणजे खाण, मायनिंग म्हणजे खाणीचा धंदा, मिनरल म्हणजे खनिज, आणि बाबा खाण कंपनीत होते असं सांगायचं असेल तर 'माय फादर वर्क्ड इन मायनिंग' हे स्वच्छ वाक्य आहे. आणखी एक, असा पुढे बसलेला नाउन सहसा एकवचनी राहतो: द बीच इज टेन मिनिट्स अवे, पण इट्स अ टेन-मिनिट वॉक. फाइव्ह-स्टार हॉटेल, टू-बेडरूम फ्लॅट. मागे 'एस' लावायचा मोह होतो, तो आवरायचा.

तिसरा प्रकार छोटा आहे, पदार्थाला 'ई-एन' लागतं, वुडन टेबल, वूलन शाल. पण सोन्याच्या चेनला गोल्ड चेनच म्हणतात, गोल्डन म्हटलं की बहुतेक वेळा सोनेरी रंगाचं किंवा सोन्यासारखं मोलाचं. ह्याचं मला आवडणारं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर, त्यांचा आवाज १९७७ मध्ये एका तबकडीवर व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेला, त्या तबकडीला गोल्डन रेकॉर्ड म्हणतात. ती तबकडी तांब्याची आहे, वर सोन्याचा मुलामा दिलेला. म्हणूनच गोल्डन हा शब्द तिला अगदी चपखल बसतो. आणि सिल्व्हरला मात्र काहीच लागत नाही, सिल्व्हर चेन, सिल्व्हर हेअर, दोन्ही तसेच.

आता स्पेलिंग आणि आवाजाकडे येते, इथे खरंच एक नियम हाताशी लागतो. शेवटी 'ट' ऐकू आला तर ॲडजेक्टिव्ह, 'न्स' किंवा 'न्सी' ऐकू आलं तर नाउन. कॉन्फिडंट-कॉन्फिडन्स, इम्पॉर्टंट-इम्पॉर्टन्स, डिफरंट-डिफरन्स, सायलेंट-सायलेन्स, ॲबसेंट-ॲबसेन्स, कन्व्हीनियंट-कन्व्हीनियन्स, इंटेलिजंट-इंटेलिजन्स. 'न्सी' वाले: फ्लुएंट-फ्लुएन्सी, व्हेकंट-व्हेकन्सी, अर्जंट-अर्जन्सी, प्रेग्नंट-प्रेग्नन्सी. एका शब्दाला 'न्स' लागतं की 'न्सी' हे मात्र शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही. आणि 'ट' वर संपणारे बरेच शब्द माणसाला लागले की नाउन होतात: स्टुडंट, पेशंट, रेसिडंट, असिस्टंट, अकाउंटंट, एजंट. म्हणून मामलेदार ऑफिसातनं १५ वर्षांच्या वास्तव्याचं काढतो ते रेसिडन्स सर्टिफिकेट आणि तिथे राहणारा माणूस तो रेसिडंट. अर्जात 'आय ॲम रेसिडन्स ऑफ डिचोली' लिहिलंस तर तू स्वतःच घर झालीस. आय ॲम अ रेसिडंट ऑफ डिचोली. एक गोष्ट कानाला फसवते, दोन पेशंट्स आणि पेशन्स हे बोलताना जवळपास सारखेच ऐकू येतात, त्यामुळे नुसतं ऐकून शिकणाऱ्याला हे दोन वेगळे शब्द आहेत हेच कळत नाही, अशा ठिकाणी एकदा तरी लिहिलेलं बघायला हवं.

शंका आली की एक झटपट चाचणी करायची. शब्दाच्या आधी 'व्हेरी' लावून बघ. व्हेरी कॉन्फिडंट, जमतं. व्हेरी कॉन्फिडन्स, नाही जमत. मग 'माय' किंवा 'नो' लावून बघ. माय कॉन्फिडन्स, नो पेशन्स, जमतं. माय कॉन्फिडंट, अडखळतं. तुझ्या तिसऱ्या वाक्यात तू स्वतःच 'व्हेरी' लिहिलं होतंस, म्हणजे पुढे ॲडजेक्टिव्ह येणार हे वाक्यानंच सांगितलं होतं.

बाकीच्या शेपटांबद्दल थोडक्यात. 'नेस', 'शन', 'मेंट' आणि बहुतेक 'इटी' वाले नाउन: काइंडनेस, रिझर्व्हेशन, पेमेंट, रिस्पॉन्सिबिलिटी. 'फुल', 'लेस', 'अस', 'एबल' वाले ॲडजेक्टिव्ह. 'आय वॉज रिस्पॉन्सिबिलिटी फॉर चेक-इन' नाही, 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर चेक-इन'. फ्रेंडली हे 'ली' वर संपूनही ॲडजेक्टिव्ह आहे. मापांचं म्हणशील तर डीप-डेप्थ, वाइड-विड्थ, लाँग-लेंग्थ: द पूल इज फाइव्ह फीट डीप, 'फाइव्ह फीट डेप्थ' नाही. आणि स्वयंपाक करणारी ती कुक, कुकर हे भांडं. 'माय मदर इज अ गुड कुकर' हे वाक्य मुलं इतक्या प्रेमानं लिहितात, पण ते बदलावंच लागतं.

बोअर आणि इंटरेस्टचं मात्र नीट सांगते कारण ह्यात अर्थ उलटा होतो. मराठीत 'मी बोअर झालो' आणि 'तो बोअर आहे' दोन्हीला एकच शब्द, म्हणून मुलगा इंटरव्ह्यूत म्हणतो 'आय ॲम बोअरिंग इन माय ओल्ड जॉब', म्हणजे मी माणूसच कंटाळवाणा आहे. इथे आपली मराठी फार सुंदर मदत करते. कंटाळलेला आणि कंटाळवाणा हे दोन शब्द आठव. कंटाळलेला तो बोअर्ड, कंटाळवाणा तो बोअरिंग. दमलेला टायर्ड, दमवणारा टायरिंग. घाबरलेला फ्रायटन्ड, घाबरवणारा फ्रायटनिंग. ज्याला वाटतं त्याला 'ड', जो वाटायला लावतो त्याला 'इंग'. आय ॲम इंटरेस्टेड इन धिस जॉब, बिकॉज द जॉब इज इंटरेस्टिंग. हे एकदा 'लेला' आणि 'वाणा-वणारा' शी जोडलंस की परत चुकणार नाहीस. आणि टेन्शन हा नाउन आहे, 'आय ॲम टेन्शन' किंवा 'टेन्स्ड' नको, आय ॲम वरीड म्हण, सगळ्यात साधं.

आता तुझ्या कामाच्या जोड्या, ह्या मी हॉटेलच्या मुलांकडून सगळ्यात आधी करून घेते कारण इथली चूक गेस्टला लागते किंवा महागात पडते. पहिली ॲलर्जी आणि ॲलर्जिक. आपल्याकडे सुंगटं म्हणजे प्रॉन्स बऱ्याच पदार्थांत असतात, सुक्या सुंगटांची किसमूर म्हणजे कोशिंबीर असते, कधी ग्रेव्हीतही असतात, आणि शेलफिशची ॲलर्जी काही लोकांना जिवावर बेतू शकते. 'सर, यू आर ॲलर्जी?' ऐकून गेस्ट गोंधळला आणि नुसताच हसून मान हलवून मोकळा झाला तर किचनला चुकीचा निरोप जाईल. डू यू हॅव एनी ॲलर्जीज? किंवा आर यू ॲलर्जिक टु एनीथिंग? परत तेच, हॅव बरोबर नाउन, आर बरोबर ॲडजेक्टिव्ह. डायबेटीस-डायबेटिकचंही अगदी हेच, ही हॅज डायबेटीस, ही इज डायबेटिक.

दुसरी अल्कोहोल आणि अल्कोहोलिक. पेयाला लावलं तर अल्कोहोलिक म्हणजे दारू असलेलं, इज धिस ड्रिंक अल्कोहोलिक? हा एकदम योग्य प्रश्न. पण माणसाला लावलं की अर्थ दारूचं व्यसन लागलेला. वेलकम ड्रिंक देताना 'मॅडम, आर यू अल्कोहोलिक?' विचारणं म्हणजे सरळ अपमान आहे, विचारणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी. वुड यू लाइक समथिंग विथ अल्कोहोल, ऑर नॉन-अल्कोहोलिक? असं विचारायचं. फेणीबद्दल कोणी विचारलं तर फेणी इज अन अल्कोहोलिक ड्रिंक मेड फ्रॉम कॅश्यू ॲपल ऑर कोकोनट टॉडी, आणि गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू असल्याचं मानांकन, मिळालाय हेही सांग, लोकांना आवडतं ऐकायला. स्कॉचचं पण इथेच सांगते, स्कॉच हे व्हिस्कीला, माणूस स्कॉटिश.

तिसरी कॉम्प्लिमेंटरी. उच्चार एक, स्पेलिंग दोन. 'आय' वालं म्हणजे फुकट किंवा कौतुकाचं, 'ई' वालं म्हणजे एकमेकांना पूरक. ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी असतो तेव्हा तो 'आय' चा. बोलताना काही फरक पडत नाही, पण ई-मेल आणि रूममधल्या कार्डावर पडतो आणि ही चूक छापलेली पण बघायला मिळते. व्हेकंट आणि व्हेकन्सी वर आलंच, द रूम इज व्हेकंट, वी हॅव नो व्हेकन्सीज. हॉस्पिटॅलिटी हा नाउन, स्टाफ हॉस्पिटेबल. आणि क्रू म्हणजे जहाजावर काम करणारी माणसं, क्रूझ म्हणजे सफर, तुझ्या ओळखीत बोटीवर जाणारं कोणी असेलच, 'ही इज इन क्रू शिप' नाही, ही वर्क्स ऑन अ क्रूझ शिप, ही इज अ क्रू मेंबर.

गेस्टचं डोकं दुखत असेल आणि तो गोळी कुठे मिळेल विचारत असेल तर 'गो टु मेडिकल' म्हणू नकोस. दुकानाला मेडिकल म्हणणं हे आपलं बोलणं, तिकडे मेडिकल ॲडजेक्टिव्ह आहे, मेडिकल कॉलेज, मेडिकल हेल्प, आणि नाउन म्हणून वापरलं तर तब्येतीची तपासणी. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ज्याची सुरुवात १८४२ सालची, त्यात मेडिकल बरोबर बसलंय. औषध ते मेडिसिन, औषधी गुणाचं ते मेडिसिनल, म्हणजे आमसुलासारखं. दुकान मात्र फार्मसी.

देश आणि माणसांचं तर परदेशी गेस्ट असलेल्या हॉटेलात रोजचंच. परदेशी गेस्ट आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात, आणि काउंटरवर 'सर, यू आर इस्रायल?' ऐकू येतं. इस्रायल देश, माणूस इस्रायली. रशिया-रशियन, जर्मनी-जर्मन, गोवा-गोवन, हे सोपे, माणूस आणि ॲडजेक्टिव्ह एकच, अनेकवचनाला एस लागतो, टू रशियन्स, टू जर्मन्स. पोर्तुगीज, चायनीज, जपानीज ह्यांना एस लागतच नाही, टू पोर्तुगीज, आणि माणसाबद्दल बोलताना पोर्तुगीज गेस्ट्स म्हटलं की जास्त चांगलं वाटतं. काही ठिकाणी मात्र तीन तीन शब्द असतात: स्पेन, स्पॅनिश, माणूस स्पॅनियार्ड. पोलंड, पोलिश, पोल. स्वीडन, स्वीडिश, स्वीड. डेन्मार्क, डॅनिश, डेन. ब्रिटिशर हा शब्द आपल्याकडेच जास्त चालतो, त्यांना तो जुनाट वाटतो, ब्रिटिश गेस्ट म्हण. आणि खरं तर कुठल्याही देशाचं विचारताना 'व्हेअर आर यू फ्रॉम?' एवढं विचारलंस की उत्तरात देशच येतो, सगळी अडचण मिटते.

शेवटी तुझ्या 'इक' आणि 'इकल' वाल्या जोड्या. ह्या अवघड वाटतात कारण बहुतेक वेळा मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे. ऐतिहासिक घे. ज्यानं इतिहासात जागा मिळवली ते हिस्टॉरिक, जे इतिहासाशी संबंधित किंवा इतिहासावर आधारलेलं ते हिस्टॉरिकल. १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला, हिस्टॉरिक डे. १६ जानेवारी १९६७ चा ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा की नाही ह्यावरचं मतदान, हिस्टॉरिक. ३० मे १९८७, राज्याचा दर्जा मिळाला, तोही हिस्टॉरिक. पण जत्रेला देवळासमोर होणारं ऐतिहासिक नाटक ते हिस्टॉरिकल प्ले, आणि पुराभिलेख खात्यातले जुने कागद ते हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स. कागद आहेत जुन्या काळाबद्दल, त्या कागदांनी इतिहास घडवलेला नाही. ओल्ड गोव्याची चर्चेस १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांना हिस्टॉरिक चर्चेस म्हणायचं. आणि आधी 'अ' लावायचा की 'ॲन', तर हल्ली अ हिस्टॉरिक डे हेच सरळ.

इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, अर्थव्यवस्थेबद्दलचं, मायनिंग बंद पडल्यावर गावागावांत जो परिणाम झाला तो इकॉनॉमिक इफेक्ट. इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं, कमी खर्चात चालणारं, स्कूटर इज इकॉनॉमिकल. गेस्टला स्वस्त रूम सांगताना 'इकॉनॉमिक रूम' नाही, आणि खरं तर इकॉनॉमिकल पण नको, हॉटेलात बजेट रूम किंवा स्टँडर्ड रूम असंच म्हणतात. क्लासिकल म्हणजे शास्त्रीय, केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई ह्या क्लासिकल सिंगर्स. क्लासिक म्हणजे त्या प्रकारातला उत्तम, कायम टिकणारा नमुना, आणि तो शब्द नाउन म्हणूनही चालतो. इलेक्ट्रिक एखाद्या ठराविक वस्तूला, इलेक्ट्रिक स्कूटर, इलेक्ट्रिक केटल. इलेक्ट्रिकल एकूण क्षेत्राला, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, इलेक्ट्रिकल फॉल्ट. रूममधला लाइट गेला आणि दुरुस्त करायला माणूस पाठवतेस तो इलेक्ट्रिशियन, 'आय विल सेंड इलेक्ट्रिकल' म्हणून चालणार नाही. 'शियन' हे शेपूट माणसाचं, म्युझिशियन, टेक्निशियन, पॉलिटिशियन.

अर्जात एक शब्द दिसला म्हणून सांगते, 'आय कम फ्रॉम अ रिस्पेक्टफुल फॅमिली' लिहिलंयस. रिस्पेक्टफुल म्हणजे दुसऱ्याला मान देणारा, रिस्पेक्टेबल म्हणजे ज्याला लोक मान देतात. घराण्याबद्दल रिस्पेक्टेबल. पण माझं ऐकशील तर ते वाक्यच काढून टाक, हॉटेलला घराण्याशी काही घेणं नाही, त्याऐवजी 'आय ॲम पोलाइट अँड पेशंट विथ गेस्ट्स' लिही, त्याचा त्यांना उपयोग आहे.

सराव कसा करायचा ते. जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नकोस. कॉन्फिडंट आणि कॉन्फिडन्स शेजारी शेजारी लिहून घोकलंस की ते डोक्यात कायमचे गुंततात, मी हे वर्गात पुन्हा पुन्हा बघते. आधी एकच घे, तोही अख्ख्या वाक्याच्या तुकड्यासकट, 'आय ॲम कॉन्फिडंट दॅट', आणि चार-पाच दिवस तोच वापर, घरी, व्हॉट्सॲपवर, कुठेही. तो तोंडात बसला की मग 'आय हॅव कॉन्फिडन्स इन'. तुकड्यात पुढचा छोटा शब्दही यायला हवा, इंटरेस्टेड इन, रिस्पॉन्सिबल फॉर, प्राउड ऑफ, ॲलर्जिक टु, फ्लुएंट इन.

आणि फोनवर मराठी अर्थ देणारं ॲप न बघता ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी बघत जा, वेबसाइटवर फुकट आहे. मराठी अर्थ बघितलास की इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल दोन्हीला 'आर्थिक' दिसण्याची शक्यता असते आणि तू होतीस तिथेच राहतेस. लर्नर्स डिक्शनरीत शब्दाखाली नाउन की ॲडजेक्टिव्ह ते लिहिलेलं असतं, खाली दोन-तीन वाक्यं असतात, त्यातलं एक मोठ्यानं वाच. नाउन असेल तर अनकाउंटेबल, म्हणजे न मोजता येणारं, लिहिलंय का तेही बघ, कारण हॉटेलात हे लगेच पकडलं जातं: लगेज, फर्निचर, इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, इक्विपमेंट ह्यांना एस लागत नाही. 'सर, युअर टू लगेजेस' नाही, सर, युअर टू बॅग्ज. एक्स्पीरियन्स पण कामाच्या अर्थानं असाच, 'मेनी एक्स्पीरियन्सेस' लिहिलंस तर आयुष्यातले अनेक प्रसंग असा अर्थ होतो, तिथे 'सिक्स मंथ्स ऑफ एक्स्पीरियन्स' लिहायचं. अर्ज दुरुस्त करून परत पाठव, पाठवताना प्रत्येक 'ॲम' आणि 'हॅव' च्या खाली पेन्सिलीनं रेघ मारून पुढचा शब्द तपास, मग मी बघते.